गुडघाभर ओलं धोतर

उंबरपाड्याचा भिवाजी भगत विंचू उतरवायचा, आणि तो कसा उतरवतो हे बघायला विंचू न चावलेली माणसंही दोन कोसांवरून यायची. चावलेला बिचारा अंगणात लोळत असायचा आणि ही मंडळी त्यालाच म्हणायची, "जरा कडेला व्हय रं, भगत दिसत नाय."

बघण्यासारखं होतंच ते. आधी भिवाजी लाल अलवानाचं बोचकं सोडायचा, तेही एका झटक्यात नाही, एकेक गाठ, मान हलवत. आतून मोरपिसांचा कुंचा निघायचा, वेताची छडी निघायची, अंगाऱ्याची डबी निघायची. मग कुणाच्या तरी घरातलं सूप मागून त्यात मूठभर तांदूळ टाकायचे, सूप तीनदा फिरवायचं, तांदूळ कुठल्या अंगाला गोळा होतात ते डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "हं." त्या 'हं'चा अर्थ कुणाला कधी कळला नाही. भिवाजीला तरी कळला होता की नाही, देव जाणे. पण ते 'हं' ऐकलं की चावलेल्याचं निम्मं रडं थांबायचं. नंतर कुंच्यानं वरून खाली झाडत तो ओठांतल्या ओठांत मंत्र म्हणायचा, आणि विष मांडीवरून गुडघ्याला, गुडघ्यावरून घोट्याला आणि घोट्यावरून जमिनीत उतरायचं. कधी तास लागायचा, कधी दोन.

त्याचा गुरू, साजगावचा पदू भगत, यातलं काही म्हणजे काही वापरत नसे. पदूकडे एक उघडा तळहात आणि एक मंत्र, एवढीच सामग्री. भिवाजी बारा वर्षं त्याची चंची आणि घोंगडी वाहत मागून फिरला. पण एकदाही त्यानं स्वतः विंचू उतरवला नाही, कारण गुरू हजर असताना चेल्यानं पुढं व्हायचं नाही, असा दंडक. पदू गेला आणि भिवाजी पुढं झाला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पदूच्या उघड्या हातावर लोकांचा विश्वास बसायचा, आपल्या नाही बसत. पदूचा चेहराच तसा होता, कोरलेल्या खांबावर शोभावा असा. भिवाजीचा चेहरा गोल, नाक बसकं आणि डोळ्यांत सदा भूक. अशा चेहऱ्याला कुंच्याचा आधार लागतोच, त्यात त्याची काही चूक नाही.

पदूनं दंडक मात्र पक्के घालून दिले होते. बोलावणं आलं की ताटावरून उठायचं. कुणाचा पैसा घ्यायचा नाही. हा मंत्र स्वतःच्या अंगावर चालत नाही, हेही त्यानं सांगितलं होतं, आणि नुसतं सांगून भागलं नव्हतं. एकदा लाकडं उचलताना खुद्द पदूलाच विंचू चावला, तेव्हा अर्ध्या तालुक्याचे विंचू उतरवलेला हा माणूस "आय आय" करत एका पायावर लंगडत चौक गावच्या भगताकडे गेला होता. लोक पुढं दहा वर्षं त्यावर हसत होते.

शेवटचा दंडक सगळ्यांत अवघड. ग्रहण लागलं की उपाशीपोटी नदीत बेंबीएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि ग्रहण सुटेपर्यंत मंत्र म्हणत राहायचा. याला मंत्र जागवणं म्हणतात. ते चुकलं की मंत्र मेला. मेलेला मंत्र म्हणजे नुसती बडबड. कुंचा फिरवा नाहीतर झाडू फिरवा, सारखंच. तो पुन्हा जिता करायचा तर ज्याचा मंत्र जिता आहे त्याच्यापुढं ओलेत्यानं बसून, पाय धरून, चेला होऊन कानात नव्यानं घ्यावा लागतो.

आता भिवाजीनं काय केलं ते सांगितलं पाहिजे. सांगायला लाज वाटते, पण तो आपल्याच गावचा आहे, लपवणार कुठं.

शके अठराशे एकोणीसच्या पौषातली अवस. भर दुपारी सूर्याला ग्रहण लागणार, तेही असंतसं नाही, दिवसाची सांज होणार, असं भटजींनी चार दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. पहाटेपासून वेध लागले. गावात चुली थंड, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं. भिवाजी सकाळी नदीकडे म्हणून निघाला. गावातली माणसं खालच्या उतारावर जमायची; पण मंत्र कुणाच्या कानावर पडायला नको, म्हणून तो नेहमी वरच्या अंगाला, खडकाआडच्या डोहात एकटाच उभा राहायचा. वाट सदूच्या शेतावरून जात होती. सदू म्हणजे त्याचा शेजारी. आदल्या दिवशी सदूच्या शेतात पोपटी लावली होती, आणि एक मडकं तसंच, तोंड न उघडता, पेंढ्याच्या उडवीपाशी राहिलं होतं.

पौषातल्या पावट्याच्या शेंगा, भांबुर्ड्याच्या पाल्यात, मीठ-ओव्यासकट मडक्यात कोंबून भाजलेल्या. रायगडातल्या माणसाला यापुढं काही सांगायला नको. भिवाजीनं मडकं उघडलं ते फक्त बघायला, शेंगा आंबल्या तर नाहीत ना एवढ्यासाठी. एक चाखल्याशिवाय ते कळणार कसं? एकीवरून सगळ्यांचं कसं कळणार? मडक्याच्या तळाशी पोचल्यावर त्याची खात्री पटली, की एकही आंबली नव्हती.

मग पौषाचं कोवळं ऊन, पाठीला पेंढा, पोटात पाचशे शेंगा. जरा टेकावं, ग्रहणाला अजून वेळ आहे, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि हे त्याचं झोपण्याआधीचं शेवटचं वाक्य. दुपारी उजेड मंदावला, कोंबडे आरवले, पाखरं झाडांवर परतली. अंधारलंय असं झोपेतच जाणवून भिवाजी आणखी गाढ झोपला. गावातून "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी उठली तेव्हा त्याला जाग आली. डोळ्यांवर हात धरून त्यानं वर बघितलं. सूर्य अख्खाच्या अख्खा, लख्ख.

बारा वर्षं वाहिलेली घोंगडी, बावीस वर्षांचं नाव, सगळं एका मडक्यात गेलं होतं. मंत्र कुणाकडून पुन्हा घ्यावा म्हणावं, तर पदू मरून गेलेला, चौकचा भगतही मातीत गेलेला. पुढचं ग्रहण आलं तरी काय उपयोग? मेलेल्याला जागवता येत नाही. त्याला खरोखर रडू आलं. रडून झाल्यावर तो उठला, ओहोळात उतरला, धोतर भिजवलं आणि घरी गेला.

जयवंता, त्याची बायको, ओट्यावर केस सुकवत बसली होती. ग्रहण सुटल्यावर अख्खा गाव न्हातो, तशी तीही न्हाली होती. तिनं नवऱ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं.

"झालं का मंत्राचं?" तिनं विचारलं.

"झालं," भिवाजी म्हणाला.

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि शिंकली. पुढं आठ दिवस ती शिंकत होती. भिवाजी आपल्याच काळजीत होता. त्यानं विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी सदूच्या बायकोला, सुंदराला, गोठ्यात विंचू चावला आणि बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती. खरं बोलायची छाती नव्हती. भिवाजी बोचकं घेऊन निघाला, तर मागून जयवंताही निघाली.

"तू कुटं?"

"बोचकं जड हाय, मी धरते."

बावीस वर्षांत तिनं बोचक्याला कधी हात लावला नव्हता. पण हुज्जत न घालता त्यानं ते तिच्या हाती दिलं. सुंदराच्या पायावर कुंचा फिरवताना तो मेलेला मंत्र पुटपुटत होता आणि मनात म्हणत होता, आता उघडं पडणार, आता उघडं पडणार. जयवंता मागं सूप घेऊन उभी होती. तिचा गाल हलत होता, तंबाखू असणार. तासाभरात सुंदरा उठून बसली आणि चहूकडे बघून म्हणाली, "माझ्या म्हशीचं दूध काडलं का कुनी?"

भिवाजी चक्रावला. मंत्र तर मेलेला, मग उतरवलं कुणी? रात्रभर विचार करून त्यानं शोध लावला, की हे सामानानं केलं. कुंचा, छडी, डबी, इतकी वर्षं मंत्राच्या सहवासात राहून तीही सिद्ध झाली असणार. मग सामान वाढवलं तर?

आणि त्यानं वाढवलं. आधी बोचक्यात लिंबू आणि बिब्बा आला. मग काळ्या कोंबडीचं पीस. मग बैलाच्या गळ्यातली घंटा, जी काढून घेतल्यापायी बैल दोनदा रानात हरवला आणि शोधायला अख्खा पाडा निघाला. सदू माथेरानच्या बंगल्यांवर ओझी वाहायला जायचा. त्यानं कुणा साहेबानं फेकलेली निळी बाटली आणून दिली. भिवाजीनं तिला बूच बसवलं आणि "इख हिच्यात भरतं" असं जाहीर केलं. बाटली रिकामीच दिसायची, पण विष असं डोळ्यांना दिसतं थोडंच, असं लोकच एकमेकांना समजावून सांगायचे. होळीपर्यंत त्यानं सात जणांचे विंचू उतरवले. दर वेळी जयवंता मागं उभी असायची आणि दर वेळी तिचा गाल हलत असायचा.

नाव तर वाढलं. खालापूरच्या कचेरीतला शिपाईसुद्धा एकदा नुसता बघायला येऊन गेला. पण भिवाजीला सुख नव्हतं. सामान किती दिवस पुरं पडणार? आज ना उद्या एखादी मोठी इंगळी डसेल, बाटली रिकामी ती रिकामीच राहील, आणि कुणीतरी आपल्या हाताखाली डोळे मिटेल. घास उचलताना ही भीती त्याच्या मनात यायची आणि घास तसाच राहायचा. भिवाजीचं जेवण कमी झालं, यावरून काय ते समजावं.

चैत्र उजाडला. भातशेतीचा राब भाजायचे दिवस आले. झाडांच्या डहाळ्या तोडून, वाळवून, त्यांचे भारे रोपाच्या जागेवर पसरून पेटवायचे, ही आपली दर सालची रीत. भिवाजी आणि जयवंता सकाळपासून वाळलेले भारे सोडून पसरत होते. बाजूच्या शेतांत सदू, सुंदरा आणि आणखी चार माणसं हेच करत होती. एक भारा सोडला आणि जयवंता एकदम खाली बसली. ओरडली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली फक्त. पाल्यातून तांबूस रंगाची इंगळी सरसरत गेली, नांगी पाठीवर वळवून.

भिवाजीनं ती ओळखली. काळा विंचू कितीही मोठा असो, तो ठणकवतो आणि सोडतो. तांबडी इंगळी माणूस नेते. मागल्या साली चौककडे एक धडधाकट गडी नेला होता तिनं, सूर्य मावळायच्या आत.

"सदू, बोचकं!" तो ओरडला. "घरातनं बोचकं आन, पळ!"

सदू पळाला. जयवंताला पेटत्या उन्हात दरदरून घाम फुटला होता आणि हात मात्र बर्फ. तिनं एकदा ओकारी काढली. भिवाजीनं तिला आंब्याखाली नेऊन टेकवलं. बोचकं आलं. या वेळी त्यानं गाठी एकेक करून सोडल्या नाहीत, दातांनी तोडल्या. कुंचा फिरवला. छडी फिरवली. लिंबू कापलं, बिब्बा फोडला, घंटा वाजवली, अंगारा कपाळभर फासला. निळ्या बाटलीचं बूच काढून तिचं तोंड अंगठ्याला लावलं. भोवती सात-आठ माणसं जमली होती आणि आज कुणी कुणाला 'कडेला व्हय' म्हणत नव्हतं. विष घोट्यावरून गुडघ्याला चढलं, गुडघ्यावरून मांडीला. जयवंताचे ओठ पांढरे पडले.

भिवाजीच्या हातातून कुंचा गळून पडला.

"जयवंते," तो म्हणाला. "माझा मंत्र मेलाय गं. गिराणाच्या दिशी मी पान्यात उबाच नाय राह्यलो. सदूच्या शेतात पोपटी खाल्ली न् झोपलो. मी समद्यांना फशिवलं, तुलाबी फशिवलं. आता काय करू मी?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. "तरीच म्हनलं, मडकं रिकामं कसं," सदू हळूच म्हणाला, आणि सुंदरानं त्याला कोपर मारलं.

जयवंतानं डोळे उघडले. ती हसायचा प्रयत्न करत होती, पण दात वाजत होते.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "बेंबीएवड्या पान्यातनं आलेल्या मानसाचं धोतार गुडघ्यापत्तुरच ओलं कसं? आन् काष्ट्याला पावट्याचं साल चिकाटलेलं. म्या काडून टाकलं, लोकांनी बगू नये म्हून."

"मंग बोलली का नायस?"

"काय बोलनार? तुमाला कोरडं धोतार द्यायला डोहावर गेल्ते. तुमी नाय. वाट बगितली, तरी नाय. वर सूर्य काळा पडाय लागला. म्हनलं, यांचं आता नाव जानार, लोक सुपात घालून पाखडनार." तिनं दम घेतला. "मंग मीच उतरले पान्यात. सुटंस्तवर उबी हुते. थंडी केवडी हुती, ठाव हाय?"

भिवाजी पुढं सरकला. "पर मंत्र? मंत्र तुला कुनी दिला?"

"तुमीच. रोज रातच्याला झोपंत बरळता. तीस वर्सं झाली. गावाला चोरून ठेवलाव आन् माज्या कानाशी वरडताव." मग ती हळू आवाजात म्हणाली, "फुकट नाय घेतला. गुरू केल्याबिगार मंत्र फळत नाय म्हनून तुमी झोपल्यावर तुमचं पाय धरले हुते. ओल्या लुगड्यानं. आदल्या रातीला."

आदल्या रात्री म्हणजे ग्रहणाच्या आदल्या रात्री. म्हणजे नवऱ्याचं काय होणार, हे नवऱ्यानं मडकं बघण्याआधीच तिनं ओळखलं होतं. सदूनं एक मडकं उघडायचं ठेवलंय, ही बातमी तिलाही होतीच. आणि तीस वर्षं ज्याला वाढलं त्याची भूक तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

आता भिवाजीच्या डोक्यात एकेक गोष्ट उजेडात येऊ लागली. सुंदराचा विंचू, होळीपर्यंतचे सात विंचू, मागं उभी असलेली जयवंता, तिचा हलणारा गाल. तंबाखू नव्हता तो. आणि आपण मात्र बैलाची घंटा सोडून आणली!

"मंग तूच म्हन की गं आता! म्हन!"

"माज्याच अंगावर कसा चालंल?" ती म्हणाली. "पदूबाबा लंगडत चौकला गेलेले इसरलाव व्हय?"

नियम असा होता. मंत्र तिच्याकडे जिता, पण तो तिच्या उपयोगाचा नाही. उपयोगाचा माणूस समोर बसलेला, पण त्याचा मंत्र मेलेला. आंब्याखालच्या सगळ्यांना हे कळलं. भिवाजीनं क्षणभर भोवती बघितलं. पाच गावांचा भगत होता तो. ही माणसं त्याच्या नुसत्या 'हं'साठी उन्हात उभी राहिली होती. आणि यांच्यादेखत आता काय करायचं आहे, हे त्याला पुरतं समजलं होतं.

खरं सांगायचं तर त्याला फारसा विचार करावा लागला नाही. राब पेटवताना जवळ असावं म्हणून पाण्याचा हंडा आणून ठेवलेला होता. तो त्यानं उचलला आणि डोक्यावर उपडा केला. मुंडासं, बंडी, धोतर, सगळं निथळलं. या वेळी गुडघ्यापर्यंतचा हिशेब नव्हता. तसाच तो जयवंतापुढं बसला आणि तिचे दोन्ही पाय त्यानं दोन्ही हातांत धरले. इंगळीनं डसलेला आणि न डसलेला, दोन्ही. मग त्या पायांवर कपाळ टेकलं.

"मला चेला कर," तो म्हणाला. "मंत्र दे."

जयवंतानं हात पुढं केला, त्याचा कान पकडला आणि त्याला आपल्या तोंडाजवळ ओढलं. तिचा श्वासही गार लागत होता. शब्द तेच होते, बावीस वर्षं त्याचेच असलेले. पण पदूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना आला होता तसा काटा त्याच्या अंगावर पुन्हा आला. सांगून झाल्यावर तिची मान बाजूला पडली.

सदूनं कुंचा पुढं केला. भिवाजीनं तो घेतला नाही. सूप आलं, तेही परत केलं. त्यानं उघडा तळहात तिच्या मांडीवर ठेवला आणि मंत्र म्हणायला लागला. तो काय म्हणतोय ते आज सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण त्याला ओठांतल्या ओठांत म्हणायची शुद्ध नव्हती. माणसं मात्र शहाणी. एकेकानं आपले कान बोटांनी बंद केले आणि तशीच उभी राहिली.

किती वेळ गेला कुणी मोजला नाही. उन्हं प्रबळगडाकडे कलली. अंगावरचं धोतर वाळलं, घामानं पुन्हा भिजलं. तळहात मांडीवरून गुडघ्यावर आला तेव्हा जयवंता कण्हली. घोट्यावर आला तेव्हा तिचे ओठ जरा लाल झाले. अंगठ्यावर आला, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि ओल्याकच्च, चिखलानं माखलेल्या, डोळे सुजलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"हं," ती म्हणाली.

भिवाजी तिचा पाय छातीशी धरून लहान पोरासारखा हमसाहमशी रडला. सुंदराही रडली. सदूनं तोंड फिरवलं आणि राबाकडे बघत राहिला, जो त्या दिवशी पेटवायचा राहूनच गेला.

जयवंता चार दिवस आडवी होती, पाचव्या दिवशी उठून चुलीशी बसली. दरम्यान भिवाजीनं बोचकं सोडून टाकलं होतं. घंटा बैलाच्या गळ्यात गेली, उरलेली लिंबं सरबतात गेली, निळ्या बाटलीत जयवंता खोबरेल ठेवू लागली. कुंचा तेवढा त्यानं देवाच्या कोनाड्यात ठेवला, कारण मोराची पिसं चांगली होती. गावात काय चर्चा झाली ती इथं सांगत नाही. बायकोचे पाय धरले म्हणून हसणारे हसले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांतल्या दोघांच्या बायकांनी त्यांना विचारलं, "आमाला डसली असती तर?" मग तेही हसायचे थांबले.

आठवडाभरानं, दिवेलागणीच्या आधी, चौकहून एक गडी धापा टाकत अंगणात आला. त्याच्या म्हाताऱ्या आईला विंचू चावला होता. भिवाजी नुकताच पाटावर बसला होता, समोर ताट, ताटात माशाचं कालवण. तो उठून दारात आला.

"भगत हाय का घरी?" गडी म्हणाला. त्यानं भिवाजीला कधी बघितलं नव्हतं.

"हाय की," भिवाजी म्हणाला. "चुलीपुढं बसलीय. हाक मारतो."

जयवंता पदर खोचत बाहेर आली. "अवो, तुमी जावा की. तुमचाबी आता जिता हाय."

"गुरू घरात असताना चेल्यानं पुढं व्हायचं नाय," भिवाजी म्हणाला. "पदूबाबाचा दंडक हाय." त्यानं कोपऱ्यातला तिचा कंदील पेटवला, तिची चंची आणि घोंगडी खांद्यावर टाकली आणि तिच्या मागं उभा राहिला.

"आन् तव्यावर भाकरी हाय ती?"

भिवाजीनं एकदा चुलीकडे बघितलं. एकदा ताटातल्या कालवणाकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग त्यानं तवा खाली उतरवला आणि बायकोच्या मागोमाग अंगण ओलांडलं.